अक्काची गल्ली

अक्का गेल्याचं मला तिच्या शेजारणीने कळवलं. सख्खी धाकटी जाऊ मी, आणि फोन रेहानाभाभीचा. "ताई, अक्का गेल्या... तुमी या," एवढंच बोलून ती रडायला लागली. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर हिला माझ्याआधी कसं कळलं? पाचगावला पोचले तेव्हा अक्काला आंघोळ घालून झाली होती. कुठली साडी नेसवायची तेही गल्लीतल्या बायकांनी ठरवलं होतं, आणि अगदी बरोबर ठरवलं होतं. मला कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून दिला, पाहुण्यांना देतात तसा. महिना होऊन गेला, पण ते पाणी अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांत आम्हा दोघी जावांचे संसार होते. मुलं मोठी व्हायला लागली, जागा पुरेना. पेठेत दुसरं काही घेणं ऐपतीबाहेरचं, म्हणून दोघा भावांनी गावाबाहेर बघायचं ठरवलं. नवऱ्यांना कामावर सिटी बसने जाता यावं आणि ते उशिरा आले तरी बाईमाणसाला घरात एकटीला भीती वाटू नये, एवढीच अपेक्षा. माझे यजमान रविवारी स्कूटरवरून फिरून कंपाउंडच्या भिंती, रस्त्यावरचे दिवे आणि राखणदार बघून यायचे. अक्का मात्र संक्रांतीची वाट बघत बसली.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. करंडा आणि तिळगुळाचा डबा पिशवीत टाकून अक्का दिवेलागणीला एकेका वस्तीत बसने उतरायची आणि अनोळखी दारं वाजवायची. कुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा, दोन शब्द बोलायचं आणि निघायचं. जागेची चौकशी नाही की दराची. मला हसू यायचं. "अक्का, घर बघताय का वाण लुटताय?" तर म्हणायची, "अगं, बाई दारातनंच कडी लावती का फाटकापतूर येती, त्ये बघतोय मी."

पाचगावच्या माळावर तिने रेहानाभाभीचं दार वाजवलं. नाव कळल्यावर कुंकवाचं बोट मागे घेतलं आणि नुसता तिळगूळ दिला. भाभीने आत बोलावून चहा पाजला आणि अंधार पडला म्हणून तिच्याबरोबर थांब्यापर्यंत आली. बस काही लवकर येईना. भाभी जागची हलली नाही. घरात पाऊल टाकताच अक्काने जाहीर केलं, "ठरलं बघ. दिवं न्हाईत, पाणी टँकरचं हाय, पर बस येईस्तोवर बाई माझ्यासंगं हुबी ऱ्हायली की. तू बी चल. शेजारचा प्लॉट रिकामाच हाय."

"दगडाच्या माळावर टँकरमागं घागरी घेऊन पळायला मी न्हाय यायची," मी सांगून टाकलं. अक्का पाचगावला गेली आणि आम्ही रंकाळ्यापलीकडच्या एका देखण्या कॉलनीत गेलो.

आमच्याकडे सगळं होतं. नळाला पाणी, दिवे, राखणदार. चोरी कधी झाली नाही, हेही खरं. पण यजमान फिरतीवर गेले की मी संध्याकाळीच कडी लावून टीव्ही मोठ्याने लावून बसायचे. तिकडे अक्काच्या गल्लीत बायका जेवणं आटोपून रस्त्यात खुर्च्या टाकायच्या. मी गेले की तिचं सुरू, भाभीने हे केलं, भाभीने ते पाठवलं... माझा नुसता जळफळाट व्हायचा. पांढरा रस्सा मी केला तर "बरा झालाय", भाभीने पाठवला तर ही बाई भांडं पुसून खाणार. शेजारच्या प्लॉटवर पुढे एका शिक्षिकेने घर बांधलं. ते घर मी कधी धड बघितलं नाही, मान फिरवूनच जायचे.

अक्काच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खुंट्यांची एक फळी आहे. गल्लीतल्या कामाला जाणाऱ्या बायका घराची किल्ली तिथे अडकवून जायच्या. "तुझी बी एक दे की," अक्का दर वेळी म्हणायची. एवढ्या लांब कशाला, म्हणून मी टाळायचे. खरं तर त्या गर्दीत मला लटकायचं नव्हतं.

मागच्या आठवड्यात भाऊजींना, अक्काच्या यजमानांना, भेटायला गेले. वाटलं होतं, फळी रिकामी झाली असेल. पण किल्ल्या होत्या तशाच होत्या, आता भाऊजी सांभाळतात. पहिली खुंटी तेवढी मोकळी होती. मी बघतेय हे पाहून भाभी म्हणाली, "ती कुनालाच दिली न्हाई अक्कांनी. टीचरनं मागितली, तर म्हनल्या, ती माझ्या जावंची हाय."

हेसुद्धा मला हिच्याच तोंडून कळावं...

काल घरची जादा किल्ली घेऊन पुन्हा गेले. पहिल्या खुंटीला अडकवली, आणि भाभीच्या किल्लीपेक्षा जरा पुढे दिसेल अशी ओढून ठेवली. निघाले तेव्हा अंधारून आलं होतं. भाभी फाटकातून माझ्या मागोमाग बाहेर पडली. "राहू दे, जाते मी," म्हटलं, तरी थांब्यापर्यंत आलीच. बस यायला बराच वेळ लागला. ती जागची हलली नाही.