गेटाबाहेरचं वाचन

आमच्या कॉलेजातल्या समाजशास्त्राच्या सरांइतका कुलपांचा वैरी अख्ख्या परळात नसेल. कपाटं बंद ठेवणाऱ्या प्रत्येकाशी ते भांडले. त्यांतला एक मी, तिथला ग्रंथपाल, आणि चूक माझीच होती.

सर घरालाही कुलूप लावत नसत. चोर आलाच तर पुस्तकं नेईल, निदान वाचेल तरी, असं त्यांचं म्हणणं. परदेशी नियतकालिकात काही चांगलं वाचलं की त्याचा मराठी गोषवारा हाताने लिहून न्हाव्याच्या दुकानात ठेवायचे. तिथे माणसं नुसती बसून असतात म्हणून. स्वतःचा लेख कुणी छापायला घेतला की पहिला प्रश्न, ‘लोकांना फुकट वाचता येणार ना?’ नाही म्हटलं की लेख परत. त्यामुळे सरांची बढती कायम पुढच्या वर्षावर असायची.

गिरण्यांच्या संपाच्या दिवसांत ते शेजारच्या विठोबामामांना वाचनालयात घेऊन आले. मामा गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात होते, खोकून खोकून वाकलेले. गिरणीचे डॉक्टर म्हणायचे, विडीमुळे. मामांनी विडी कधी ओढलीच नव्हती. कापसाच्या धुळीवरचा एक इंग्रजी लेख आमच्या कपाटात होता, त्यांच्याच खात्यातल्या कामगारांना तपासून लिहिलेला. पगार बंद, म्हणून मामा संध्याकाळच्या एसटीने गावी निघणार होते.

‘सर, बाहेरच्यांना प्रवेश नाही,’ मी म्हटलं.

‘अरे, या लेखात छाती यांची आहे. बाहेरचे आपण.’

‘नियम आहे, सर.’

‘ऱ्हवांदे मास्तरांनू,’ मामा म्हणाले, ‘मी भायर बसतंय.’

लेख बाहेर न्यायलाही बंदी होती. मग सर एक पान वाचायचे, गेटाबाहेर जाऊन मामांना मराठीत सांगायचे आणि पुढच्या पानासाठी परत यायचे. दर खेपेला रजिस्टरात सही. बाहेर हळूहळू निम्मी चाळ जमली. कुणी शंका काढली की सर घामाघूम होऊन आत पळत, उत्तर घेऊन बाहेर पळत. मला तो वाचनालयाचा तमाशा वाटला. मी प्राचार्यांकडे तक्रार केली आणि त्यांनी सरांचं कार्ड तिथल्या तिथे काढून घेतलं. अशा आजाराची गिरणीकडे भरपाई कशी मागायची, हे सांगणारी शेवटची पानं वाचायची राहिली. मामा गावी गेले आणि तिथेच वारले.

सरांनी मला कधी बोल लावला नाही. भेटले की, ‘काय रे, जेवलास का?’

गेल्या वर्षी माटुंग्याला त्यांच्याकडे गेलो. दोन बोटांनी टाइप करत ते आपले सगळे लेख इंटरनेटवर चढवत होते, कुणालाही वाचता यावेत म्हणून. मी म्हटलं, ‘सर, मामांना आत सोडायला हवं होतं.’

सर टाइप करायचे थांबले. ‘मला कशाला सांगतोस? त्यांचा मुलगा लालबागलाच असतो.’

दुसऱ्या दिवशी कापसाच्या धुळीवरचा तो लेख घेऊन मी त्याच्याकडे गेलो. सगळी पानं मराठीत वाचून दाखवली आणि मग त्याची माफी मागितली.