शेवटच्या पानापर्यंत मळलेलं

मामांच्या हातात कुठलंही पुस्तक द्या, ते आधी उघडत नसत. आडवं धरून डोळ्यांजवळ न्यायचे आणि पानांची कड बघायचे. मुखपृष्ठ नाही, लेखक नाही, जाडी नाही. नुसती कड. मग अंगठ्याचं नख या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे आणि म्हणायचे, "कुठवर मळलंय ते बगा आधी."

तुमच्याही कचेरीत असा एक माणूस असेल, हुद्द्यानं सगळ्यांत खालचा आणि तरी ज्याच्यावाचून पान हलत नाही. वाळूजच्या ज्या कारखान्यात मी चिकटलो, तिथं तो माणूस म्हणजे मामा. त्यांना नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतं. मॅनेजरपासून हमालापर्यंत सगळे मामाच म्हणत. यंत्रांचे सुटे भाग ठेवायच्या स्टोअरचे ते स्टोअरकीपर. मूळचे खुलताबादकडच्या डोंगरातल्या एका वाडीचे, मेंढ्यांमागं फिरणाऱ्या घरातले, सातवी झालेले. औरंगाबादभोवती कारखाने उभे राहायला लागले तेव्हा मेंढ्या भावाच्या हवाली करून इथं आले आणि स्टोअरमध्ये रॅक बसत होते तेव्हापासून तिथंच होते.

फिटर खिडकीशी येई आणि म्हणे, "मामा, ते तांबड्या डोक्याचं द्या." तांबड्या डोक्याचं असं काही कुठल्याच रजिस्टरात नव्हतं. मामा मान न वळवता सांगत, "तेवीस नंबर, खालून दुसरा कप्पा." माल काढून देणारा आमचा हमाल साळवे जाई आणि नेमकं तेच घेऊन येई.

"मेंढराला नाव नसतं, भाऊ," मामा मला म्हणाले होते. "खूण असती. कान कातरलेलं, पाय पांढरा, शिंग मोडकं. हजारात वळखू येतं. ह्ये तर लोखंड हाय, पळून बी जात नाय."

मग ऐंशीचं दशक सरता सरता कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्या काळातला कॉम्प्युटर तुम्हाला आठवत असेल. त्याला काचेची केबिन, केबिनला एसी, आणि दाराबाहेर चपलांची रांग. आम्हाला त्या चपला काढायचा अपमान वाटायचा. मामा निवांत काढायचे. "दर्ग्यात बी काढतो, इथं काढाया काय जातंय?"

मॅनेजरनी जाहीर केलं की स्टोअरची सगळी यादी आता डेटाबेसमध्ये जाणार. म्हणजे हजारो वस्तू अशा मांडून ठेवायच्या, की मागितलेली वस्तू कुठं आहे ते यंत्रानंच क्षणात सांगावं. त्यासाठी दिवाळीनंतर पुण्याहून शिकलेला माणूस येणार आणि मामांची बदली गेटवर होणार, पहारेकरी म्हणून. खाकी कपड्यांसाठी शिंप्यानं मापसुद्धा घेतलं. माप देताना मामा खाली बघत उभे होते. त्यांना तसं उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते मॅनेजरच्या टेबलासमोर गेले. "साहेब, मी शिकतो."

मॅनेजर हसले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. म्हणाले, "दिवाळीनंतर हेड ऑफिसचे साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर करून दाखवा. जमलं तर खुर्ची तुमची. नाही तर गेट."

आता माझं सांगतो. मी बीकॉम, आणि नोकरीच्या अर्जात 'कॉम्प्युटर येतो' असं ठोकून दिलेलं. खरं म्हणजे उस्मानपुऱ्यातल्या एका क्लासला मी जेमतेम महिनाभर गेलो होतो. पण वासरात लंगडी गाय शहाणी, त्यामुळं पुस्तक निवडायला मामांनी मलाच सोबत घेतलं. मी त्यांना मोठ्या दुकानात नेलं आणि उशीएवढा जाड, गुळगुळीत कव्हरचा ग्रंथ त्यांच्या हातात ठेवला. मामांनी कड बघितली आणि तो हळूच परत ठेवला.

"कोरं हाय. ह्याच्यावरनं अजून कुनी गेलंच नाय. कुठं निघतं कुनाला ठावं?"

मग आम्ही पैठण गेटजवळच्या फुटपाथवर गेलो. तिथं एक चाचा जुनी पुस्तकं विकायचे. कॉम्प्युटरच्या पुस्तकांचा ढीग होता, कारण शिकायला सुरुवात करणारे उदंड आणि सोडणारे त्याहून उदंड. मामा उकिडवे बसले आणि एकेकाची कड तपासू लागले. चाचा वैतागले. "मामा, किताब खोल के देखते. बाजू कायकू देखरे?"

पुस्तकांमागून पुस्तकं बाजूला पडत होती. सगळ्यांची तऱ्हा एकच. सुरुवातीची पानं हातांनी काळी आणि पुढं दुधासारखी पांढरी. "ह्यानं मानसाला घाटाच्या पायथ्याला सोडलं," मामा म्हणत. मग त्यांनी एक निळं पुस्तक उचललं आणि मी दुसरीकडं बघू लागलो. ते माझंच होतं. उन्हाळ्यातच विकलं होतं. मामांनी नख फिरवलं, थांबले, पान उघडलं. "ह्यो गडी तर बाविसाव्या पानावर बसला."

"पुस्तक अवघड असेल," मी म्हणालो.

"पुस्तक बरं दिसतंय. गडी आळशी हाय."

मी वर्षभरानं हे कबूल केलं तेव्हा ते म्हणाले, "तवाच कळलं व्हतं. तुमचं तोंड उतरलं व्हतं की."

शेवटी तळाशी एक बारीकसं पुस्तक निघालं. पाठीचा डिंक सुटलेला, कुणीतरी दाभणानं दोरा ओवून शिवलेलं. कड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखी मळलेली. चाचा म्हणाले, "वो नक्को लेव मामा, पूरा खराब हो गया."

"खराब नाय चाचा. पुरं झालंय ह्ये," मामा म्हणाले आणि पुस्तक काखेत मारलं.

पुस्तक इंग्रजी होतं. मामांचं इंग्रजी म्हणजे माल येतो त्या खोक्यांवरची मोठी अक्षरं. पण या पुस्तकाच्या समासात पानोपानी पेन्सिलीनं मराठीत लिहिलेलं होतं. कॉम्प्युटरला कुठला हुकूम का द्यायचा, कुठलं बटण कधी दाबायचं. 'इथे मी तीनदा चुकलो. आधी फाइल उघडी आहे का ते बघणे.' 'भिऊ नको, काही जळत नाही.' मध्येच, 'आज मोर्चा. इथून पुढे उद्या.' आणि दोन पानांनंतर, 'कर्फ्यू. घरात बसून दोन धडे झाले.' शेवटच्या पानावर एकच शब्द होता, 'झाले.'

मुखपृष्ठावर निळ्या शाईत ठळक 'जय भीम' लिहिलेलं होतं. त्याच्या खाली नाव असणार, पण विकताना लोक फाडतात तसा तो कोपरा फाडलेला. फाटलेल्या कडेला 'वसतिगृह' एवढं उरलं होतं.

ते दिवस तुम्हाला ठाऊक आहेत. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर धगधगत होतं. कारखान्यात कोणी तोंडावर बोलत नसे, पण कँटीनची टेबलं न सांगता वाटली गेली होती. साळवे आणि त्याचे सोबती दाराशी, बाकीचे पंख्याखाली, मधलं टेबल रिकामं. म्हणून मी म्हणालो, "मामा, ते मुखपृष्ठ फाडून टाकू. उगाच लोक बोलतील."

मामांनी फाटलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "आधीच कुनीतरी त्याचं नाव फाडलंय. आता आपुन ह्ये बी फाडायचं? त्याच्याच मागानं डोंगर चढायचा आन् त्यालाच पुसायचं, ह्ये आमच्यात बसत नाय."

मला लाज वाटली नाही, हे लिहायला हवं. मला राग आला. लाज नंतर वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मामा कँटीनच्या मधल्या टेबलावर पुस्तक उघडून बसू लागले. का, तर "इथं जागा लई हाय." मॅनेजरनी बोलावून हलक्या आवाजात सांगितलं, "मामा, त्या पुस्तकाला कव्हर घाला. वातावरण बरं नाही." मामा म्हणाले, "व्हय साहेब," आणि सकाळी खरंच कव्हर घालून आले. पारदर्शक प्लास्टिकचं.

बसस्टॉपवर त्यांच्याच गावाकडचे टोमणे मारत, "मामा, पार्टी बदलली म्हनं?"

"पार्टी नाय, शाळा बदलली," मामा म्हणत आणि बसमध्ये चढत.

बेअरिंगच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी त्यावर कीबोर्ड काढला होता आणि बोटं त्याच्यावर वळवत. खरा कॉम्प्युटर मिळे तो जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास. समासात लिहिणाऱ्याला ते गुरुजी म्हणायचे. "गुरुजी धीराचा हाय," असं कौतुकानं सांगायचे. एका रविवारी विद्यापीठाच्या वसतिगृहांवर त्याला शोधायलाही जाऊन आले. "तिथं समदीच पोरं पुस्तकावर असं 'जय भीम' लिवत्यात, भाऊ. मी म्हनलं, मग समद्यांनीच माझा नमस्कार घ्या."

दिवाळीला तीन आठवडे राहिले असताना एका चुकीच्या हुकमानं भरलेली सगळी यादी पुसली गेली. दीड महिन्याचं काम. मामा काळ्या पडद्याकडे बघत बसले आणि माझ्या डोळ्यांसमोर खाकी कपडे आले. मग त्यांनी पुस्तकात तो हुकूम शोधला. शेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'इथे माझे सगळे गेले. पुन्हा भरले. दुसऱ्यांदा लवकर होते.'

मामांनी डोळे पुसले आणि पहिल्या वस्तूपासून परत सुरुवात केली. आम्हीही मग गप्प बसलो नाही. मी वाचून दाखवायचो, साळवे रॅकवरून ओरडून नग सांगायचा, मामा भरायचे. या दुसऱ्या खेपेला त्यांनी नाव, नंबर, रॅक, कप्पा यांच्या पुढं आणखी एक रकाना काढला. इंग्रजी अक्षरांत लिहिलं, खूण.

"असा रकाना पुस्तकात कुठंच नाही, मामा," मी म्हणालो.

"पुस्तकात नाय, खिडकीत हाय. मानूस नाव घेऊन येत नाय, खूण घेऊन येतो."

मामा आता नाहीत. रिटायर होऊन वाडीला गेले, आणि एका उन्हाळ्यात त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं. विद्यापीठाला नाव मिळालेलं त्यांनी पाहिलं, एवढं बरं झालं. बाविसाव्या पानावर बसलेल्या मला त्यांनी गुरुजींच्या पुस्तकातून पुढं नेलं, अगदी 'झाले'पर्यंत. आज मी ज्या कामावर पोट भरतो ते त्यांचं देणं आहे. पण त्यांचा शेवट मला सांगायचा नाही. हेड ऑफिसचे साहेब आले तो दिवस सांगायचा आहे.

साहेब आले, मागं मॅनेजर, त्यांच्या मागं पुण्याचा माणूस, इस्त्रीच्या शर्टात. साहेबांनी यादीतल्या दहा वस्तू नावानं विचारल्या. मामांनी एका बोटानं टाइप केलं, पडद्यावर रॅक आणि कप्पा आला, साळवे ट्रॉली घेऊन गेला आणि आला. दहाच्या दहा. मॅनेजरचा जीव भांड्यात पडला.

तेव्हा साहेबांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला एक झिजका पितळी तुकडा काढला. "सकाळपासून या भागासाठी एक मशीन बंद आहे. याच्यावर नंबर नाही आणि नाव कोणालाच माहीत नाही. हा शोधा."

पुण्याचा माणूस म्हणाला, "नंबर नसेल तर डेटाबेस काय करणार, सर?"

मामांनी तुकडा हातात घेतला, उलटा केला, अंगठ्यानं चाचपला. मग खुणेच्या रकान्यात टाइप केलं, पितळ, दोन कान. पडद्यावर एकच ओळ आली. "साळवे, एकेचाळीस नंबर, वरचा कप्पा."

साळवे परत आला तेव्हा त्याच्या हातात तसाच, कोरा, चकाकता तुकडा होता. साहेबांनी दोन्ही शेजारी धरून बघितले. मग मॅनेजरकडे वळून म्हणाले, "पुण्याचा माणूस कशाला हवा? इथं हेच बसतील."

मामा खुर्चीतून उठायला लागले, तर साहेबांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं. "कुठल्या क्लासला शिकलात?"

मामांनी टेबलावरचं पुस्तक उचलून त्यांच्या हातात दिलं. "गुरुजीचं नाव म्हाईत नाय, साहेब. हितं लिवलंय तेवढंच ठावं."

मॅनेजर जमिनीकडे बघू लागले. साहेबांनी प्लास्टिकवरचा उजेड चुकवायला पुस्तक तिरपं धरलं आणि वाचलं, स्पष्ट, मोठ्यानं. "जय भीम."

"जय भीम, साहेब," साळवे म्हणाला. दारात कोणी आल्यावर आपण बोलतो तसा सवयीनं बोलून गेला, आणि मग दचकून उभा राहिला. त्या छपराखाली हे शब्द एवढ्या मोठ्यानं कोणी उच्चारले नव्हते.

मामा खुर्चीतच मागं वळले.

"साळवे, जरा मोठ्यानं म्हन की," ते म्हणाले. "गुरुजी लांब ऱ्हातो."

साळवेनं म्हटलं. मग मालाच्या दारातून आणखी एकानं म्हटलं, आणि तिसरा आवाज माझा होता.