पाकिटावरची बाई

प्रसेनजीत कांबळेला त्याची गिऱ्हाइकं पीके म्हणतात. राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावर खोली घेऊन त्याने 'पीके डिजिटल' अशी पाटी लावली, तेव्हा मित्रांनी विचारलं होतं की पूर्ण नाव का नाही टाकलं. छोटं नाव लोकांच्या लक्षात राहतं, धंद्याचा नियमच आहे, असं तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. सगळं खरंही नव्हतं, पण तसं कोणी तोंडावर म्हटलं असतं तर तो भांडायला उठला असता.

काम म्हणाल तर छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट करायच्या, त्यांची फेसबुक-इन्स्टाची पानं सांभाळायची, सणावाराला शुभेच्छा टाकायच्या आणि रील काढायच्या. गूळवाले, साडीवाले, पन्हाळ्यावर दोन खोल्या भाड्याने देणारे, वाडीच्या रस्त्यावर बासुंदी विकणारे, अशी त्याची माणसं. यातल्या बहुतेकांना वाटायचं, मालाचा झकास फोटो टाकला की काम फत्ते. प्रसेनजीत त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा.

"पावणं, माल सगळ्यांकडं हाय. तुमचा चेहरा तेवढा तुमच्याकडंच हाय. चेहरा दाखवा, घर दाखवा. मागं भितीवर अंबाबाईचा फोटो हाय न्हवं? येऊ द्या की तो बी. माणसाला आपल्याच घरात बसल्यागत वाटतंय."

आणि ते खरं व्हायचं. संयोगिता वहिनी फराळाचे जिन्नस करून विकायच्या. गल्लीबाहेर त्यांना कुणी ओळखत नव्हतं. प्रसेनजीतने त्यांना पदर खोचून चकलीच्या सोऱ्यापुढे बसवलं, सासूबाईंना मागे देवघरापाशी वाती वळायला लावलं आणि रील काढली. पुढच्या दिवाळीला वहिनींना हाताखाली चार बायका ठेवाव्या लागल्या. तेव्हापासून 'चेहरा विकतो' हे त्याचं वाक्य त्या भिशीत सांगत सुटल्या, जणू त्यांनाच सुचलं होतं.

प्रसेनजीतची आई शालन. तिचं अर्धं आयुष्य तात्यासोंच्या डंकावर गेलं. डंक म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र. उन्हाळा लागला की शहरातल्या बायका मिरच्यांची पोती घेऊन तिथे रांग लावायच्या. ज्यांना घरी खटपट नको त्यांच्यासाठी तात्यासो तयार चटणीही ठेवायचे. गंमत अशी की तात्यासो स्वतः कांदा-लसणाला शिवत नसत, आणि त्यांच्या नावाची कांदा-लसूण चटणी पार पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांच्या पिशव्यांतून जायची. माणूस सरळ होता. पगार वेळेवर द्यायचा, सणाला साडी द्यायचा. चटणी मात्र शालन करायची. खोबरं किती काळं होऊ द्यायचं, तीळ कधी उतरवायचे, कांदा उन्हात कितपत सुकला म्हणजे पुरे, सगळं तिच्या नाकाला कळायचं. खाणाऱ्यांनी कधी विचारलं नाही की ही कोणाच्या हातची. विचारायचं कारणच नव्हतं, पाकिटावर तात्यासोंचं नाव होतं.

मग शालनला खोकला लागला. मिरचीच्या धुळीने छाती धरली. डॉक्टरांनी डंकावर जाणं बंद करायला सांगितलं आणि ती घरी बसली. घरी बसणं तिला जमेना. भांडी घासून झाली तरी पुन्हा घासायची. प्रसेनजीत म्हणाला, मिरची बाहेरून दळून आणू, तू नुसतं भाजायचं आणि कालवायचं, बाकी मी बघतो.

"पाकिटावर कुणाचं नाव घालनार?" तिने विचारलं.

"तुझं. दुसरं कुणाचं?"

शालन चहा ठेवायला उठली. थोड्या वेळाने कप घेऊन आली आणि म्हणाली, "आडनाव बी घाल हं. नुस्तं शालन बरं न्हाय दिसत."

त्या वेबसाइटवर प्रसेनजीतने जीव ओतला. दुसऱ्यांची कामं बाजूला ठेवून त्याने सिद्धार्थनगरातल्या आपल्या घरात आईचे फोटो काढले, रील काढली. हातात चाळण, कपाळावर घाम, कॅमेऱ्याला लाजून एकदम फुटलेलं हसू. मागच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. फोटो काढण्याआधी त्याने बाबासाहेबांची तसबीर जरा कलली होती ती सरळ केली होती. 'आमच्याविषयी' या पानावर आईची सगळी कहाणी लिहिली: डंकावरची वर्षं, छातीचं दुखणं, आणि आता पहिल्यांदा स्वतःच्या नावाने. वरती मोठ्या अक्षरांत 'शालन कांबळे यांची कोल्हापुरी चटणी', खाली सिद्धार्थनगरचा पत्ता आणि आईचा फोन नंबर. शालनने ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि मोबाइल शेजारणीकडे घेऊन गेली. एवढं उजळलेलं तिचं तोंड त्याने लहानपणापासून पाहिलं नव्हतं.

लोक आले. रील भरपूर पाहिली गेली. वेबसाइटवर कोण कुठून आलं, काय पाहिलं, कुठून परत गेलं, हे मालकाला दिसतं. प्रसेनजीतला दिसत होतं की माणसं येतात, चटणी बघतात, खरेदीच्या टोपलीतसुद्धा टाकतात. मग 'आमच्याविषयी' उघडतात आणि तिथूनच निघून जातात. टोपली तशीच राहते.

आता बघा, दुसऱ्याची वेबसाइट असती तर दुखणं कुठे आहे हे या पोराने चुटकीसरशी ओळखलं असतं. आईच्या बाबतीत त्याची अक्कल कुठे गेली होती कोण जाणे. त्याला वाटलं, फोटो जड आहे, उघडायला वेळ लागत असेल. त्याने फोटो हलका केला. मग वाटलं, मजकूर लांबलाय. तो कापला. बटणाचा रंग बदलला, घरपोच पाठवणं फुकट केलं. माणसं येत राहिली आणि त्याच पानावरून परत जात राहिली. एकाने रीलखाली फक्त 'ओके' लिहिलं होतं. दुसऱ्याने लिहिलं होतं, 'पत्त्यावरून समजलं.' काय समजलं, ते प्रसेनजीतला समजून घ्यायचं नव्हतं.

घरात चटणीचे डबे भरून ठेवलेले. आषाढाची ओल धरेल म्हणून शालन रोज झाकणं उघडून वास घ्यायची. जेवताना बोटाने चाखायची. एक दिवस ती म्हणाली, "माझ्या हाताची चव गेली व्हय रं, जितू?"

"काय बी बोलू नगंस."

"न्हाय, खरं सांग. आजारपणात जीभ बिघडती. औंदा खोबरं जास्त झालं काय?"

दुसऱ्या दिवशी तिने नवा घाणा केला, खोबरं कमी घालून. मग आणखी एक, लसूण वाढवून. अर्ध्या आयुष्यात जिने कधी मापाचं भांडं हातात धरलं नव्हतं ती आता वाटीने मोजू लागली. प्रसेनजीतला ते बघवेना. तो उठून संयोगिता वहिनींकडे गेला.

वहिनी वर्षानुवर्षं तात्यासोंच्याच डंकावरची चटणी नेत. ती आपली आई करायची, हे त्याने त्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, आणि त्याही "अय्या, व्हय काय!" म्हणाल्या होत्या. आईची रील तुमच्या पानावर टाका, तुमचं गिऱ्हाईक मोठं आहे, असं त्याने दोनतीनदा सुचवलं होतं. टाकते टाकते म्हणत त्यांनी टाकली नव्हती. आज त्यांनी त्याला बसवलं, चिवड्याची बशी पुढे ठेवली आणि आवाज उतरवला.

"पीके, वाईट वाटून घेऊ नकोस. आमचं काय न्हाय रे, आमी मानत न्हाय असलं. पण घरात थोरली माणसं हायत. आणि माझं गिऱ्हाईक फराळाचं, देवाधर्माचं. मी तुझ्या आईची रील टाकली, तर उद्या ते माझ्या चकलीकडं बी तसंच बघतील."

"वहिनी, तीच चटणी तुमी दहा-बारा वर्षं खाल्ली."

"ते कुठं कुणाला म्हाईत हुतं?" वहिनी अगदी सहज म्हणाल्या. "चटणी एक नंबरच हाय. फोटो तेवढा बदल, नाव बदल, पत्ता काढून टाक. चेहरा विकतो, तूच म्हणतोस न्हवं?"

त्यात दुष्टावा नव्हता, हेच वाईट. शिवी दिली असती तर उलटून चार शिव्या देता आल्या असत्या. वहिनी त्याचं भलं व्हावं म्हणून बोलत होत्या, त्याच्याच शब्दांत. चिवडा नको कसा म्हणायचा म्हणून त्याने दोन घास खाल्लेसुद्धा. जिना उतरताना त्याला रडू नाही आलं, संताप आला. आणि तो कोणावर काढावा हे कळेना, कारण अंबाबाईचा फोटो मागे येऊ द्या, असं गावभर सांगत फिरणारा तोच होता.

त्याच्या धंद्यात एक रीत आहे. दोन पानं करायची, निम्म्या लोकांना एक दाखवायचं, निम्म्यांना दुसरं, आणि कुठलं चालतं ते बघायचं. बटण लाल की हिरवं, हे ठरवायला तो ही युक्ती वापरायचा. ती त्याने आता आईवर वापरली. दुसऱ्या पानासाठी कम्प्युटरकडून एक बाई काढून घेतली: गोरी, काठापदराची साडी, नाकात नथ, हातभर हिरवा चुडा, मागे तुळशीवृंदावन. नाव दिलं 'थोरल्या वहिनींची चटणी'. बाकी सगळं तेच. आईची बाजू जिंकावी असं त्याला मनापासून वाटत होतं, हेही सांगायला हवं. रात्री उठूनसुद्धा तो आकडे बघायचा.

थोरल्या वहिनींच्या चटणीवर लोकांच्या उड्या पडल्या. आईच्या पानावरून पूर्वीसारखेच परत गेले. प्रसेनजीतने आईचं पान बंद केलं. ते बंद करायला एकच बटण दाबावं लागतं आणि 'नक्की का?' असा प्रश्न येतो. त्याने हो म्हटलं.

आईला त्याने एवढंच सांगितलं, की ऑर्डरी आल्या. ती तरतरीत उठली. मापाची वाटी तिने मांडणीवर पालथी घातली आणि जुन्या अंदाजाने घाणा केला. त्या दिवसांत ती खोकायचंसुद्धा विसरली होती. प्रसेनजीतला वाटलं, आता हे असंच चालू दे. पण माल पाठवायचा तर पाकिटं लागणार, आणि पाकिटं छापून आली.

गठ्ठा त्याने कोपऱ्यात ठेवला होता. शालनने तो सोडला, वरचं पाकीट उचललं, उजेडात धरलं. काय काय समजावून सांगायचं ते त्याने पाठ केलं होतं. बाजाराची पद्धत, जाहिरात, सुरुवातीपुरतं.

"देखणी हाय की," शालन म्हणाली. "कोण ही?"

"कोण न्हाय. कम्प्युटरनं काढलीया."

"म्हंजे अशी बाईच न्हाय कुठं?"

"न्हाय."

"नसलेल्या बाईच्या हातचं चालतंय म्हन की."

ती पाकिटावरचं नाव वाचू लागली. बोट अक्षरांखालून सरकत शेवटाला गेलं, मागच्या बाजूला गेलं आणि पुन्हा पुढे आलं.

"आई, तुझ्या हाताची चव गेली न्हवती," तो घाईने म्हणाला. "ती हाय तशीच हाय. मला एवढंच तुला..."

"ते मला म्हाईत हाय, लेकरा. मला काय जीभ न्हाय? लोक का घेत न्हाईत ते तुला ठावं हाय का न्हाय, ते बघत हुतो मी." तिने पाकीट खाली ठेवलं. "म्हटलं, पोराला कळलं न्हाय तर बरंच हाय."

प्रसेनजीत तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. कॉलेज शिकलेला, गावाच्या दुकानदारांना शहाणपण विकणारा हा गडी, त्याला आईने इतके दिवस वाटीने खोबरं मोजत सांभाळलं होतं. सगळं बंद करू, त्याने म्हणून पाहिलं. शालनने परातीकडे हात केला. एवढी चटणी काय नदीत टाकायची? डंकावर तर आता परत जाता येत नव्हतं.

मग दोघं पाकिटं भरायला बसली. ती चटणी घालायची, तो तोंड बंद करायचा. काही दिवसांनी पाकिटावरच्या नंबरावर फोन येऊ लागले. तो नंबर शालनचाच होता, तेवढं बदलायचं राहून गेलं होतं. अशाच एका दुपारी फोन वाजला. तिचे हात मनगटापर्यंत लाल होते, म्हणून प्रसेनजीतने फोन स्पीकरवर टाकून तिच्यापुढे धरला.

"थोरल्या वहिनी का?" एका बाईचा गोड आवाज आला.

शालनने मुलाकडे पाहिलं. त्याने मान हलवली, व्हय म्हण.

"न्हाय," शालन म्हणाली. "त्या पूजेला बसल्यात. मी कामाला हाय त्यांच्यात."

"बरं बरं. अहो, चटणी इतकी सुंदर आहे! अगदी आमच्या आजीच्या हातासारखी. त्या स्वतःच करतात ना? हल्ली कोण कुणाकडून करून घेतं, काही कळत नाही, म्हणून विचारलं."

"त्याच करत्यात," शालन म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "आमचा हात बी लागत न्हाय. मी आपली भायरली झाडलोट करतो."

"हां, मग बरं झालं. सांगा त्यांना, हाताला चव आहे म्हणावं."

"सांगतो की."

फोन बंद झाला. भिंतीवर बुद्ध होते, बाबासाहेब होते, आणि त्यांच्या नजरेसमोर आपण आईला काय करून ठेवलं, या विचाराने प्रसेनजीतला वर बघवेना. शालनने परातीत पुन्हा हात घातला, तळापासून चटणी वरखाली केली आणि मूठ भरून घेतली.

"पाकीट धर नीट," ती म्हणाली.

त्याने पाकिटाचं तोंड उघडून धरलं.