आमच्या रेपोला एक नंबर

"मॅडम, मशीन बोली ऱ्हायनं, पन ताईले काही समजी नई ऱ्हायनं."

धुळ्याच्या परीक्षा केंद्रावरून नानांचा फोन. नाना म्हणजे तिथले लॅब असिस्टंट, रिटायरमेंटला आलेले. पेपर दहाला सुरू झाला होता आणि आता सव्वादहा वाजले होते. मी जळगावला ऑफिसात. नेमकं काय बोलतंय, विचारलं. नाना म्हणाले, जोडाक्षर आलं की तुकडे पाडतंय आणि अक्षराचा पाय मोडलेला दिसला की मध्येच "हलंत, हलंत" करतंय.

तो "हलंत" त्या मशीनमधून मी स्वतः काढून टाकला होता. आणि आता मशीनसमोर ज्या बाई बसल्या होत्या, त्यांच्याच सांगण्यावरून काढला होता.

आमची कंपनी लहान. परीक्षा केंद्रांना लिनक्सवर चालणारी मशीन तयार करून देतो. एक सिस्टिम नीट बांधायची आणि तिची जशीच्या तशी कॉपी सगळ्या मशीनवर टाकायची. त्या मूळ कॉपीला इमेज म्हणतात. ती बांधायचं काम माझं. या वेळी एका सहकारी संस्थेची लिपिकाची भरती होती आणि दृष्टिहीन उमेदवारांसाठी प्रश्न मराठीत वाचून दाखवणारी मशीन हवी होती.

संगीताताई तायडे फैजपूरच्या. जन्मापासून दिसत नाही. बी.ए. झालेल्या, टायपिंगला माझ्यापेक्षा फास्ट. वयाची मर्यादा त्या वर्षी संपत होती, म्हणजे त्यांची ही शेवटची परीक्षा. सरावासाठी उमेदवारांना आमच्या ऑफिसात यायची सोय होती. बाकी कोणी फिरकलं नाही. संगीताताई एसटीने दोनदा आल्या. पहिल्या दिवशी दहा मिनिटं ऐकलं आणि हेडफोन काढून म्हणाल्या, "मॅडम, याला मराठी येत नाही. याला नुसती अक्षरं येतात."

खरंच होतं ते. "जिल्हाधिकारी" म्हणायला ते मशीन अर्धं मिनिट घ्यायचं. त्या सांगत गेल्या, मी दुरुस्त करत गेले. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा अख्खा उतारा त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, आता माणूस वाचतोय असं वाटतं. इतकी वर्षं नोकरी केली, पण कामाचं असं कौतुक मला कोणी केलं नव्हतं. ती दुरुस्ती पॅकेज करून मी आमच्या रेपोत ठेवली.

रेपो म्हणजे रिपॉझिटरी, सॉफ्टवेअरचं गोदाम. इमेज बांधताना मशीन गोदामातून एकेक वस्तू उचलतं. आमची दोन गोदामं होती. एक सार्वजनिक, मोठं. दुसरं आमचं छोटं, त्यात आम्ही स्वतः केलेल्या चार गोष्टी. एकच वस्तू दोन ठिकाणी असेल तर कुठली घ्यायची, हे ठरवायला प्रत्येक गोदामाला एक आकडा देता येतो. त्याला प्रायॉरिटी म्हणतात.

परीक्षेच्या दोन दिवस आधी दुपारी धुळ्याहून कळलं की हजेरीपट छापायचा प्रिंटर चालत नाही. त्याचा ड्रायव्हर तिसऱ्याच एका गोदामात होता. आमचे साहेब, महाजन सर, यांनी ते गोदाम जोडलं आणि मला इमेज पुन्हा बांधायला सांगितलं. मी म्हटलं, सर, या गोदामात वाट्टेल ते भरलेलं आहे. यातून फक्त ड्रायव्हर घ्यायचा, असं लिहून ठेवू या.

"काही गरज नाही. आपल्या रेपोला मी एक नंबर दिलाय. सगळ्यात आधी आपलाच माल येणार."

तिथंच घोडं पेंड खात होतं. सरांची बावीस वर्षं लिनक्सच्या दुसऱ्या घराण्यात गेलेली. तिकडे आकडा जितका लहान तितका मान मोठा, वर्गातल्या पहिल्या नंबरासारखा. आम्ही वापरतो त्या घराण्यात बरोबर उलटं. मोठा आकडा जिंकतो. काहीच लिहिलं नाही तर गोदामाला पाचशे मिळतात. आणि सरांनी आमच्या गोदामाला दिला होता एक. म्हणजे रांगेत सगळ्यांच्या मागे उभं केलेलं.

मी तसं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "मॅडम, वर्षभर हाच आकडा आहे. चाललं ना?"

चाललं होतं, कारण आमच्या वस्तू दुसऱ्या कुठल्याच गोदामात नव्हत्या. तिथं एक काय नि पाचशे काय, सारखंच. आता तिसरं गोदाम आलं होतं आणि त्यात त्याच नावाचं मराठी आवाजाचं पॅकेज असू शकत होतं. मला हे पुन्हा बोलता आलं असतं. ते नाही तर पॉलिसीची कमांड मारायची. कुठली वस्तू कुठून येणार, हे ती एका ओळीत सांगते. दोन मिनिटांचं काम.

मी नाही केलं. का, तेही सांगते. चार जणांसमोर ते हसले म्हणून माझं डोकं सणकलं होतं. मनात म्हटलं, पडू दे एकदा तोंडावर, मग कळेल. मी मुकाट्याने इमेज बांधली. प्रिंटरचा ड्रायव्हर बसला का, तेवढं तपासलं आणि कॉपी धुळ्याला पाठवली.

आणि तोंडावर पडलं कोण? संगीताताई.

त्या दिवशी मी केंद्रप्रमुखांना पाच वेळा फोन केला. परीक्षा चालू असताना मशीनला हात लावता येत नाही, नेट बंद असतं. मग लेखनिक तरी द्या, नाहीतर वेळ वाढवून द्या, म्हटलं. ते म्हणाले, मशीन बंद पडलं असतं तर नियम आहे. बोलणाऱ्या मशीनसाठी नियम नाही. बाराला पेपर संपला. निम्मा कोरा.

दुपारी मी ती कमांड मारली. स्क्रीनवर दोन ओळी आल्या. तिसरं गोदाम, पाचशे. आमचं, एक. महाजन सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "हे आपल्यातच राहू द्या."

संगीताताईंनी फेरपरीक्षेचा अर्ज केला. संस्थेने आमच्याकडे तांत्रिक अहवाल मागितला. मी खरं काय ते लिहिलं, माझ्या रुसण्यासकट. सरांनी ते खोडून एकच वाक्य टाईप केलं. "प्रणाली कार्यरत होती, उमेदवारास तिचा पुरेसा सराव नव्हता." सही इमेज बांधणाऱ्याची लागते, म्हणजे माझी.

मी वाद घातला. सर म्हणाले, खरं लिहिलं तर हे काम जाईल आणि आपली अकरा माणसं घरी बसतील. त्यांच्यात तुम्हीही. मग आवाज खाली आणून म्हणाले, कमांड तुम्हालाही मारता आली असती.

ते बरोबर बोलले, हेच मला झोंबलं. मी सही केली. लाज वाटत होती तरी केली. जळगावात हे काम करणारी दुसरी कंपनी नाही, हे कारण मी तेव्हा स्वतःला देत होते. आताही देते.

फेरपरीक्षा नामंजूर झाली. काही दिवसांनी संगीताताईंचा फोन आला. मी उचलला. त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता.

"मॅडम, पत्र आलं. भावाने वाचून दाखवलं. मला सराव नव्हता असं लिहिलंय."

मग त्यांनी विचारलं,

"खाली तुमचं नाव आहे म्हणतो. त्याने चुकीचं वाचलं का?"

"नाही ताई," मी म्हटलं. "बरोबर वाचलं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

या कामात येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. आपल्या घराण्यात मोठा आकडा जिंकतो. आणि साहेब हसले तरी कमांड मारायची, रुसायचं नंतर.

गोदामांचे आकडे ज्या फाइलमध्ये असतात तिथे मी एकच्या जागी एक हजार एक केलं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. तेव्हापासून आमच्या मशीनवर संगीताताईंनी सुधारलेलाच आवाज येतो. पुढच्या परीक्षेला धुळ्याला तीन दृष्टिहीन उमेदवार बसले. नानांचा फोन आला, मॅडम, बठ्ठं झकास शे, कोनी काही तक्रार नई करी.