गौरीचा दुसरा हात

सासूबाई कोकणातून कायमच्या आमच्याकडे चेन्नईला आल्या, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत नऊवारीच्या घडीत गुंडाळलेला एक कंद होता. नांगराच्या फाळासारखा वाकडा, मातकट, दिसायला अगदीच सामान्य. मी तो आल्याच्या टोपलीत टाकायला निघाले होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि शांतपणे सांगितलं की हा कळलावीचा कंद आहे, आणि हा पोटात गेला तर माणूस जातो.

कळलावी हे रानातलं फूल. त्यांच्या गावाकडे ती करवंदीच्या जाळ्यांवर आपली आपण चढते आणि भाद्रपदात लाल-पिवळी फुलते. पाकळ्या बोटांसारख्या वर वळलेल्या. तिकडे तेरड्याच्या रोपांची गौर बांधतात आणि तिला हात म्हणून ही दोन फुलं लावतात. सासरे गेल्यावर सासूबाईंनी घरची गौर माझ्याकडे सोपवली, पण अट घातली की हात असतील तरच आणायची. बिनहाताची गौर त्यांना चालणार नव्हती. आमच्या पहिल्या भाद्रपदात चेन्नईच्या फूलबाजारात मोगरा होता, कनकांबर होता, हात कुठेच नव्हते. गौर आली नाही. त्या दिवशी सासूबाई रिकाम्या पाटासमोर बसून राहिल्या, जेवल्याही नाहीत. मला ते बघवलं नाही. मी चिडून स्वयंपाकघरात भांडी आपटली, कारण मला दुःख झालं की आधी रागच येतो.

कंद त्यांनी अंबत्तूरच्या आमच्या भाड्याच्या घरामागे, कुंपणाच्या तारेपाशी लावला होता. लावला आणि सोडून दिला. कळलावीला हातानं पाणी घालायचं नसतं, हा त्यांचा हट्ट. रानातल्या फुलाला पाणी पावसानंच घालायचं, गौरीची फुलं अशीच असतात, माणसानं न वाढवलेली. मी म्हटलं, इथला मोठा पाऊस दिवाळीच्या सुमाराला येतो, तोवर गौर काय स्टेशनवर थांबणार आहे? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मुकाट्यानं चहा टाकला.

झालंही तसंच. ऑक्टोबरात पाऊस लागला आणि कोंब वर आला. तो वेल मात्र बघत राहावा असा. पानाच्या टोकाचाच तणावा होतो. त्या टोकानं तो तार चाचपतो, सापडली की एक वळसा घेतो आणि पुढे सरकतो. बँकेत जायची घाई असतानाही मी रोज दोन मिनिटं तिथे उभी राहायचे. कळी खाली मान घालून येते, हिरवट, आणि मग एकेक पाकळी उलटी वर वळते. आधी पिवळी, दोन दिवसांत टोकांशी लाल, शेवटी सगळीच लाल. कार्तिकात अकरा फुलं आली. सासूबाईंनी ती मोजली आणि म्हणाल्या, "आता काय उपयोग."

वेल वाळला, कंद मातीतच राहिला. दुसऱ्या वर्षी मृग लागला तशा त्या आभाळाकडे बघू लागल्या. चेन्नईच्या जूनमध्ये आभाळाकडे बघून डोळे तेवढे दिपतात. शेजारच्या मामी पिढ्यान् पिढ्या तंजावरकडच्या मराठी, त्यांच्या अंगणातही हा वेल असायचा. कंदाला त्या तमिळमधलं किळंगु म्हणत. कुंपणावरून मी त्यांना विचारलं तेव्हा त्या हसल्या.

"किळंगु निजलंय मा. पाऊस नाही तर पाणी देऊन उठवायचं."

पण पाणी कुठून द्यायचं? दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. आमची बोअर आटली होती. पाण्याची लॉरी एक दिवसाआड यायची, आणि मी प्लास्टिकच्या घागरी घेऊन रांगेत भांडायचे. भांडण्यात मी कमी नव्हते, पण घागरी मोजक्याच मिळायच्या. माझ्या वाट्याला आंघोळीला एक बादली. त्यातलं चार तांबे पाणी मी आधीच एका डब्यात काढून ठेवू लागले. सासूबाई जपाला बसल्या की मागच्या दारानं जाऊन ते वेलाच्या मुळाशी ओतायचं आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं ऑफिसला निघायचं. सासूला फसवताना मला थोडी मजाही वाटत होती, हे कबूल करते.

जुलैत कोंब आला. सासूबाई म्हणाल्या, रात्री दोन सरी पडून गेल्या असतील. मी हो म्हटलं. कोंबाला त्यांनी काठीचा आधार दिला, तेरडा कुंडीत वाढवला, आणि त्यांचं जेवण पुन्हा पहिल्यासारखं झालं.

गौर यायच्या दिवशी वेलावर एकच फूल उमललेलं होतं. दुसरी कळी अजून हिरवी, मान खाली घातलेली. मी तिच्यापुढे उकिडवी बसले, तिला बोटानं हलवलं, नाही नाही ते बोलले. मग आत येऊन सासूबाईंना सांगितलं की हात एकच आहे. मला वाटलं, आता पाट उचलतील.

त्यांनी तेरड्याची गौर बांधली, साडी नेसवली, उजव्या बाजूला फूल खोवलं. मग मला पाटाशेजारी डाव्या अंगाला बसवलं आणि माझा हात कोपरापासून वर उचलून गौरीच्या खांद्याशी टेकवला.

"हा दुसरा. असाच धर."

मी म्हटलं, "अहो आई, असं कुठे असतं?"

"रोज न्हाणीत तुझे चार तांबे कमी वाजायचे," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही असं वाटलं तुला?"

आणि त्यांनी आरती सुरू केली. त्यांना होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या आरत्या येत होत्या, आणि त्या दिवशी त्यांनी एकही गाळली नाही. माझा खांदा भरून आला, बोटांना मुंग्या आल्या, डोळ्यांतलं पाणी पुसायला तो हात मोकळा नव्हता. दुसऱ्या हातात घंटा होती. मी रडत होते तशीच वाजवत राहिले, आणि हात खाली घेतला नाही.