मिठाचा खडा

चैत्रात पहाटे अंगणातल्या मोहाखाली चितळं येतात, गळलेली फुलं खायला. मी इथे राहायला आलो त्या पहिल्या वर्षी खिडकी नुसती करकरली तरी ती जंगलात पसार व्हायची आणि माझ्या फोटोत फक्त पांढऱ्या शेपट्या उरायच्या. मग मी झाडाखाली मिठाचा खडा ठेवू लागलो. यंदा एक मादी थेट कॅमेऱ्याकडे बघत उभी राहते. तो फोटो पाहून मित्रांनी मला वन्यजीवप्रेमी ठरवलं. लांब नळीचा कॅमेरा गळ्यात असला की ही पदवी फार चौकशी न होता मिळते.

मोहफुलं वेचायला येणाऱ्या कौशल्याबाईंनाही मी तो फोटो दाखवला.

"पयले मले पाहून पळत होती," त्या म्हणाल्या. "आता टोपलीत तोंड घालते."

"माणसांशी ओळख झाली तिची."

"तुमच्याशी झाली, भाऊ. पन आता तिले सारेच मानसं तुमच्यावानी वाटतीन. फासे लावनारा काय वेगळा दिसते?"

मी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. त्या डोळ्यांत मला विश्वास दिसला होता. जंगलात तिला आजवर जगवलं ते संशयाने, आणि तो मी मीठ चारून काढून घेतला होता.

दुसऱ्या पहाटे खडा उचलला, कॅमेरा कपाटात ठेवला आणि ती आल्यावर अंगणात जाऊन परात बडवली. ती दोन पावलं मागे सरली. मग मान वर करून माझ्या हाताकडे बघत राहिली, मिठाची वाट पाहत.

मी परात आणखी जोरात बडवली.