ठोसा मारण्याआधीची दहा मिनिटं

नवा माणूस आला की सर त्याचं नाव विचारायचे, बूट कुठे ठेवायचे ते दाखवायचे आणि तो बूट ठेवून सरळ उभा राहिला की त्याच्या बरगड्यांखाली एक ठोसा हाणायचे. अगदी मोजून. माणूस पडायचा नाही, पण पाच-सात सेकंद त्याला श्वास घेता यायचा नाही. मग सर विचारायचे, "काय वाटलं?" माझ्या वेळी मी म्हणालो, "काही नाही, सर." त्याच जागी दुसरा ठोसा बसला. "आता?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तोंडात आंबट चव होती. मी खरं बोललो, "तुम्हाला मारावंसं वाटतंय." सर खूश झाले. "शाबास. आता तिकडं भिंतीकडं तोंड करून दहा मिनटं बस."

हा सातपूरला एका वर्कशॉपच्या मागचा पत्र्याचा शेड. आत गोणपाटात चिंध्या आणि रबराचे तुकडे भरून सरांनी स्वतः शिवलेल्या चार बॅगा टांगलेल्या, खाली जुन्या सतरंज्या. सर फौजेत बॉक्सिंग खेळलेले, मूळचे सिन्नरकडचे. उंची बेताची. नाक दोनदा मोडून दोनदा वेगवेगळ्या दिशांना जुळलेलं, डावा कान चुरगळलेला. एका कारखान्यात रात्री आठ ते सकाळी सात सिक्युरिटी सुपरवायझरची ड्यूटी करायचे आणि गणवेश बदलून साडेसातला शेड उघडायचे. आमची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. मी पहिल्यांदा आलो तेव्हा तिसऱ्या पाळीतून सुटून आलो होतो, म्हणून मी कायमचा 'थर्ड' झालो.

फॉर्मवर 'येण्याचे कारण' असा रकाना होता. मी लिहिलं, आठ किलो वजन कमी करणे. कंपनीच्या तपासणीत ब्लडप्रेशर वर निघालं होतं, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं. सरांनी कागद वाचून, घडी घालून खिशात टाकला. "वजन कमी करायला आलेला माणूस बॅगकडं असा बघत नाय. घरात कुणाला मारलंय?"

मी मनूला मारलं होतं. माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची. मे महिन्याची सुट्टी, मी तिसरी पाळी करून दहाला झोपलेलो आणि ती शेजारच्या खोलीत दोरीवरच्या उड्या मारत होती. ठक, ठक, ठक. मी दोनदा ओरडलो. तिसऱ्यांदा उठलो आणि दारातूनच हाताची उलटी बाजू फिरवली. ती पलंगाच्या कडेवर आपटली, ओठ फाटला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "पडले." दोन टाके पडले. मीना, माझी बायको, दवाखान्यातून घरी आल्यावर पाणी पिऊन म्हणाली, "यापुढे पोरीवर हात उचललात तर मी हिला घेऊन मालेगावला जाईन. परत आणायला येऊ नका." तिचं माहेर मालेगावला, आणि मीना बोलते ते करते.

पण मीनाच्या बोलण्यापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीने खाल्लं. फडताळावरचा डबा काढायला मी हात वर केला की मनू मान खांद्यात घालायची. पंख्याचं बटण दाबायला हात गेला तरी तेच. तिला ते कळतही नसावं. जेवता जेवता मान आत जायची आणि पुन्हा बाहेर यायची, घास सुरूच. ती मान बघून मला स्वतःचा हात मनगटापासून तोडून टाकावासा वाटायचा. हे मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी समजूत काढली नाही. "बरं," म्हणाले, "बस मग."

शेडचा नियम एकच. दहा मिनिटं बसल्याशिवाय बॅगला हात लावायचा नाही. उशीर झाला तर बसायचं आणि न मारता घरी जायचं. आम्ही आलेलो असायचो ते मारायला. कुणाला साहेबाचं थोबाड फोडायचं असायचं, कुणाला मेव्हण्याचं, आणि हा माणूस आम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवायचा. डोळे मिटून श्वास मोजायचा वगैरे प्रकार नव्हता. "ज्याला हाणावंसं वाटतंय त्याचं तोंड डोळ्यापुढं आण. हाणू नको. नुसतं बघ. किती येळ बघता येतंय ते बघ." माझ्यापुढे पहिले पंधरा दिवस आमचा सुपरवायझर यायचा. नंतर एक दिवस मनू आली, फाटक्या ओठाची, आणि मी चौथ्या मिनिटाला उठून बाहेर नळाखाली डोकं धरलं. सर मागे आले. "सहा राहिली," म्हणाले.

आम्ही पळवाटा काढायचो. मी तर पाळ्यांचा माणूस, माझ्याकडे कारणांचा तुटवडा नव्हता. तिसऱ्या पाळीत झोप अनावर, दुसऱ्या पाळीत घरी येऊन झोपायलाच दोन वाजलेले, पहिल्या पाळीत तर सकाळी सातला मशीनवर उभं राहायचं. पहिल्या पाळीच्या आठवड्यात मी येणार नाही म्हटल्यावर सर म्हणाले, "नको येऊ. घरी बस. बसायला बॅग लागत नाय." मी म्हणालो, घरी वेळ मिळत नाही. "मोबाईलवर मान खाली घालून तासभर बसतो, तो टाईम कुणाचा आणतो?" त्यावरही मी घरी बसायला लागलो नाही. नोव्हेंबरपर्यंत माझं पाच किलो वजन उतरलं. बसणं मात्र शेडपुरतंच राहिलं.

आमच्यात एक नर्स होती, तिला सर 'सिस्टर' म्हणायचे. सगळ्यात शांत बसायची आणि सगळ्यात वाईट मारायची. एकदा माझी तिच्याशी जोडी लावली. बाई समोर आहे म्हणून मी जरा हात राखून खेळत होतो. तिने डावा दाखवला आणि उजवा असा घातला की माझा दात ओठातून आरपार गेला. सतरंजीवर रक्त सांडलं. मी चिडून तिच्यावर धावलो, तर सरांनी मागून मानगूट धरली. "आता कोण मारतंय? तू का तुझा राग?" मग तिच्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, फोडलंस तू, शिव पण तूच." तिने खरंच शिवलं. मनूला पडले होते तेवढेच टाके मला पडले, आणि त्याच जागी. आरशात बघून मला बरं वाटलं, हे विचित्र आहे, पण वाटलं.

आम्ही बसलेलो असताना सर घड्याळ घेऊन मागे फेऱ्या मारायचे. ते स्वतः कधी बसलेले मी पाहिले नव्हते. एकदा सिस्टरने विचारलंच, "सर, तुम्ही कधी बसता?" म्हणाले, "माझं ड्यूटीवर होतं." तेव्हा होतही असेल. पण जानेवारीत त्यांच्या कारखान्यातला दुसरा सुपरवायझर काम सोडून गेला आणि त्याचीही अर्धी ड्यूटी सरांच्या गळ्यात पडली. सकाळी शेड, दुपारी बारा ते चार कारखाना, रात्री पुन्हा कारखाना. त्यांचे डोळे लाल दिसायला लागले. मोजून मारणारा माणूस मोजणं विसरला. नव्या आलेल्या एकाला पहिल्या दिवसाचा ठोसा असा बसला की तो खाली पडून ओकला आणि पुन्हा आला नाही. एका सकाळी आम्ही आत शिरलो तर सर एकटेच बॅगवर तुटून पडले होते. हातांना पट्ट्याही नव्हत्या. गोणपाटाची शिवण उसवून चिंध्या बाहेर लोंबत होत्या, त्यांच्या बोटांचं रक्त त्यांवर लागत होतं आणि ते थांबत नव्हते. सिस्टरने त्यांचं घड्याळ उचललं. "सर, आज तुम्ही बसा. मी वेळ लावते." सर म्हणाले, "आज नाय, टाईम नाय. उद्या." हे 'उद्या' पुढचे तीन आठवडे चाललं.

फेब्रुवारीतली गोष्ट. क्लास सुटला होता, सर शेडबाहेर स्कूटर काढत होते. एक छोटा टेम्पो मागे घेताना स्कूटरला घासला आणि आरसा तुटला. चालवणारा पोरगा विशी-बाविशीचा. तो उतरला आणि चूक आपली आहे हे कळल्यावर काही लोक करतात तेच त्याने केलं, आधी ओरडायला लागला. सरांना 'म्हाताऱ्या' म्हणाला आणि त्यांची कॉलर धरली. एवढंच. सरांच्या जागी दुसरा कुणी असता तर ढकलाढकली होऊन मिटलं असतं.

सरांनी तीन ठोसे मारले. डावा, उजवा, डावा. आम्हाला रोज शिकवायचे तेच, फक्त कधी नव्हे इतक्या वेगाने. पहिल्याने पोराचं डोकं मागे गेलं. दुसऱ्याला कडाडून आवाज झाला, लाकूड मोडावं तसा. तिसरा कानावर बसला आणि तो गटाराच्या सिमेंटच्या काठावर आडवा पडला. पहिले दोन ठोसे बघताना मला मजा आली. हे मी मीनालाही सांगितलेलं नाही. चौथ्यासाठी सर खाली वाकले तेव्हा मी त्यांना मागून मिठी मारली. त्यांचं कोपर माझ्या बरगडीत शिरलं, बरगडीला तडा गेला, तरी मी सोडलं नाही. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, पण अंग थरथरत होतं आणि ते अंग माझ्या ओळखीचं होतं. दोरी वाजत असताना दारात उभ्या असलेल्या माझंही ते तसंच थरथरत होतं.

सिस्टर पळत आली. तिने पोराला कुशीवर वळवलं, त्याच्या तोंडात बोटं घालून रक्त आणि दोन दात बाहेर काढले. तो घरघर करत श्वास घ्यायला लागल्यावर माझे हात सुटले. सर तिथेच रस्त्यावर बसले, मांडी घालून. बराच वेळ पोराकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "थर्ड, किती येळ लागला असंल?"

"कशाला, सर?"

"ह्याला मारायला."

मी म्हणालो, "पाच सेकंद."

त्यांनी मान हलवली. "महिना झाला बोंबलतोय, टाईम नाय, टाईम नाय. ह्याला बरा सापडला मला टाईम."

पोराला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं ते सरांनीच. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिथून ते स्वतः पोलीस ठाण्यात गेले. पोरगा वाचला. जबडा दोन ठिकाणी मोडला होता, तारांनी बांधला, दीड महिना नळीने पातळ पीत होता. डाव्या कानाने त्याला अजून ऐकू येत नाही. सर जामिनावर सुटल्यावर दर मंगळवारी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसायचे. पोराची आई त्यांना आत येऊ द्यायची नाही. एकदा ती त्यांच्या अंगावर थुंकली, असं सिस्टर म्हणाली. सरांनी ते पुसलं नाही म्हणे. सिस्टर अजून एकच गोष्ट बोलून दाखवते, "त्या दिवशी मी त्यांना उद्या म्हणू द्यायला नको होतं."

शेड बंद झाला. सरांची नोकरी गेली आणि ते सिन्नरकडे गावी गेले. केस चालू आहे. मी पावसाळ्याआधी एकदा त्यांना भेटायला गेलो. घराच्या ओट्यावर लसूण निवडत बसले होते. वाळले होते. चहा झाला, माझ्या बरगडीची चौकशी झाली. मग विचारलं, "बसतोस का?" मी म्हणालो, "हो, सर. रोज." त्यांनी मूठ वळली आणि माझ्या बरगड्यांखाली, चांगल्या बाजूला, हलकेच टेकवली. मग पुन्हा एकदा टेकवली. मला पहिला दिवस आठवला. खोटं बोलणाऱ्यालाच दुसरा ठोसा मिळायचा. मी खाली मान घालून लसूण निवडायला लागलो.

त्या आठवड्यापासून मी बसायला लागलो. घरी जमत नाही, म्हणून खाली पार्किंगमध्ये स्कूटरवरच बसतो, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. कुठलीही पाळी असो, दहा मिनिटं झाल्याशिवाय जिना चढत नाही. शेजारचे विचारायचे, बायकोशी भांडण झालंय का. मीनाने पहिले काही दिवस गॅलरीतून पाहिलं, मग ती माझा चहा दहा मिनिटं उशिरा ठेवायला लागली. आमचा सुपरवायझर हल्ली डोळ्यांपुढे येत नाही. मनू येते. कधी कधी सर येतात, रस्त्यावर मांडी घालून बसलेले, त्यांच्याकडे सगळ्यात कमी वेळ बघवतं.

मागच्या रविवारी सकाळी मनू फडताळाखाली बसून चित्र रंगवत होती. मला शेंगदाण्याचा डबा हवा होता. विसरून मी तिच्या डोक्यावरून हात वर घातला आणि घातल्यावर लक्षात आलं, म्हणून तसाच थांबलो. तिची मान हलली नाही. ती रंगवत राहिली, मग वैतागून म्हणाली, "पप्पा, सरका ना. उजेड अडवताय."

मी गॅलरीत जाऊन सरांना फोन लावला. सांगताना मला रडू आलं, ते त्यांना ऐकू गेलं असणार. मला वाटलं, शाबास म्हणतील. मग पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"बरं झालं, थर्ड," सर म्हणाले. "ठेव आता फोन. माझी बसायची येळ झाली."